उलट्या आट्यांचं झाड

१

सोमवारी सकाळी झाडाचं काळीज जागेवर नव्हतं.

झाड म्हणजे मातीत रुजलेलं झाड नव्हे. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मधल्या दालनात उभं असलेलं बारा फुटी धातूचं शिल्प होतं ते. नोंदवहीत त्याचं नाव ‘रचना क्रमांक नऊ’, पण त्याला झाडच म्हणायचे सगळे. युद्ध संपलं तेव्हा विमानांच्या कारखान्यात नळ्या, तारा, पत्र्यांच्या कातरणी ढिगानं पडून होत्या. कारखान्यात नकाशे काढणाऱ्या एका माणसानं त्यातून हे उभं केलं. पोकळ नळ्यांच्या फांद्या, पत्र्याची बासष्ट पानं, बुंध्याशी गुडघाभर उंचीची लोखंडी पेटी, पेटीत मोटर. मोटर फिरली की फांद्या फिरायच्या, पानं सळसळायची आणि खालच्या दिव्यानं भिंतीवर सावल्यांचं रान माजायचं. मग एक दिवस आतली चकती तुटली, कारखानाही बंद पडला आणि झाड पंचावन्न वर्षं खोक्यांत पडून राहिलं.

दोन वर्षं खपून त्याला पुन्हा उभं केलं ते हातमोज्यांनी. हातमोजे म्हणजे संग्रहालयाचा दुरुस्तीतज्ज्ञ. पांढरे सुती हातमोजे चढवल्याशिवाय हा गडी स्वतःच्या चहाच्या कपालाही हात लावत नाही, म्हणून त्याचं हे नाव. जुना नकाशा समोर ठेवून त्यानं तुटलेल्या चकतीच्या जागी नवी करवून आणली होती. तळहाताएवढी पोलादी, एका अंगानं फुगीर. कारखान्यात तिला कॅम म्हणतात. मोटरला नुसतं गरगरणं ठाऊक. त्या गरगरण्याला चाल देते ती ही चकती. शनिवारी झाड पहिल्यांदा फिरलं, टाळ्या पडल्या. आणि सोमवारी तेल घालायला पेटीचं झाकण उचललं, तर चकती गायब.

पेटीच्या तळाशी नट, वायसर आणि खाचेतली छोटी पट्टी एका रेषेत, ओळीनं मांडून ठेवलेली. पाहुण्यांच्या चपला लावाव्यात तशी.

बातमी ऐकून संचालकांनी कपाळाला हात लावला. गुरुवारी दुपारी बाराला विश्वस्त यायचे होते. त्यांच्यासमोर झाड सुखरूप फिरलं, तर ते फिरतं राहणार. नाही फिरलं, तर सांधे डाग देऊन पक्के करायचे, काचेत बंद करायचं, कायमचं. तसं लेखी ठरलं होतं. शिल्पकाराच्या लेकीनंही त्या कागदावर सही केली होती. दुसरी चकती करवायला तीन आठवडे लागले असते.

पोलिस नकोत, बभ्रा होईल, असं म्हणून संचालकांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, “लिफ्टताईंना बोलवा.”

२

लिफ्टताईंनी तेहतीस वर्षं शहरातल्या लिफ्टा तपासल्या होत्या. एखादी लिफ्ट अडकली, आदळली, की ती का अडकली हे शोधून काढायचं त्यांचं काम. आता निवृत्त झाल्या होत्या, पण कान अजून नोकरीवर होते. स्वतः मात्र कुठंही जिन्यानंच चढायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, मी लिफ्टांना आतून ओळखते.

त्यांचा एक साधा हिशेब होता. यंत्र कधी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, पण तीही पुष्कळदा कुणाच्या तरी मायेपोटी. म्हणून आधी यंत्राला विचारावं, मग माणसांना.

दोन जिने चढून आल्या, पदर खोचला आणि पेटीपाशी मांडी घालून बसल्या. नट हातात घेऊन उजेडाकडं धरला. कोपऱ्यांवर जुने ओरखडे होते, ताजा एकही नव्हता. ते ओरखडे कुणाचे, असं त्यांनी विचारलं, तर हातमोज्यांचे कान लाल झाले. खालमानेनं त्यानं सांगितलं की दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा हा नट काढताना त्याचा अर्धा दिवस गेला होता. सोडवतोय सोडवतोय म्हणून तो घट्टच करत होता. कारण आटे उलटे होते. जगातला नट डावीकडं फिरवला की सुटतो, हा उजवीकडं. फिरता फिरता आपोआप सैल होऊ नये म्हणून कुणीतरी मुद्दाम तसे कापलेले.

“नकाशात लिहिलंय तसं?”

“नाही ना. नकाशात साधेच आटे दाखवलेत.”

“मग तुम्ही कुणाला सांगितलं होतं?”

“अर्धा दिवस उलटा पाना मारत बसलो, हे कुणाला सांगणार ताई?”

लिफ्टताईंनी मान हलवली. मग त्यांनी पानांच्या पाठी पाहिल्या. प्रत्येक पानामागं, नळीच्या प्रत्येक तोंडाशी, नटाच्या पोटातसुद्धा, खिळ्यानं टोचावीत तशी तीन बारीक टिंबं होती. हातमोजे जरा सावरला. ती शिल्पकाराची खूण, त्यानं अभिमानानं सांगितलं, पुस्तकात फोटोही छापलाय. बोलता बोलता आणखी एक गोष्ट त्याच्या तोंडून निघाली: शनिवारच्या फेरीनंतर वरच्या एका पानाची तार उसवलेली दिसली, ती त्यानं बदलली. जुनी तार असेल, दुसरं काय.

अवजारांच्या तबकात पाना होता. लिफ्टताईंनी तो उलटापालटा केला. दांड्यावर, मुठीपासून वीतभर, गोल गोल घासल्याची चकाकी होती. त्यावरून बोट फिरवलं.

पाना खाली ठेवून म्हणाल्या, “म्हणजे बघा, हा नट ज्यानं काढला, त्यानं पहिल्याच झटक्यात बरोबर बाजूला फिरवला. आटे उलटे आहेत हे ठाऊक असलेला जिवंत माणूस या जगात एकच आहे. आणि तो आत्ता माझ्यासमोर बसलाय.”

हातमोज्यांचा चेहरा हातमोज्यांइतकाच पांढरा पडला.

३

संचालकांना तर हायसंच वाटलं. घरचाच चोर निघाला, घरातच मिटवू, असं ते म्हणू लागले. पण लिफ्टताईंना घाई नव्हती. त्यांनी संचालकांना खोलीत बसवून विचारलं, झाड थांबलेलं बरं असं तुम्हीच मागं म्हणाला होता ना? संचालकांनी नाकारलं नाही. बासष्ट पत्रे माणसांच्या डोक्यावर गरगरतात, एखादा सुटला तर उत्तर मला द्यायचंय, असं ते तडकून म्हणाले. त्यावर लिफ्टताईंनी नट आणि तो ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा त्यांच्या हातात दिला आणि तो तेवढा बसवून द्या म्हटलं. संचालकांनी तो नेहमीसारखा उजवीकडं पिळला. बसेना. पुन्हा पिळला. शेवटी नटच वाकडा आहे असा निकाल देऊन परत केला.

पहारेकऱ्याकडं पक्की हकिकत मिळाली. शनिवारी झाड फिरलं, मग मंडळी शेजारच्या दालनात चहाला आणि फोटोला गेली. वीसेक मिनिटांनी परतली, त्यानं कुलूप लावलं. रविवारी बंद. चिटपाखरू आलं नाही, आणि किल्ली त्याच्या कमरेलाच होती.

“आलं नाही म्हणजे नाहीच,” तो म्हणाला. “माझं पोट या कुलपावर चालतं ताई.”

“मान्य. कुलूप लावताना खोलीत काही हललेलं दिसलं?”

काही नाही, एक खुर्ची तेवढी पेटीला खेटून होती, ती त्यानं भिंतीशी लावली. आजीबाईंची खुर्ची. शिल्पकाराची बायको, नव्वदीची म्हातारी, लेकीबरोबर आली होती. टाळ्या झाल्या तरी तिनं काही हात उचलले नाहीत. चहाला चला म्हटलं तर म्हणाली, मला बसू द्या थोडं. दमली असेल बिचारी.

जाता जाता लिफ्टताई हातमोज्यांच्या खोलीत डोकावल्या. तो डोकं धरून बसला होता. भोवती कपाटंच कपाटं, आणि कपाटांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर आकडा. एका पिशवीत एकच वायसर, दुसरीत वीतभर तार.

“तुम्ही काढलेला नट असा उघडा पडला असता कधी?”

“पिशवीशिवाय?” त्यानं दुखावल्यासारखं वर पाहिलं. “ताई, मी असा माणूस वाटतो का तुम्हाला?”

नाही, तसा माणूस तो नव्हता. पिशवी नाही म्हणजे हातमोजे नाही. काढलं त्याच क्रमानं ओळीत मांडायचं, म्हणजे बसवताना डोळे मिटूनही हाताला लागतं, ही सवय कारखान्यात उभं राहून काम केलेल्याची. जुन्या पिढीची. पण झाड बांधणारा माणूस वीस वर्षांपूर्वी वारला होता.

मग पेटीपाशी बसून गेलं कोण?

४

मंगळवारी लिफ्टताई शिल्पकाराच्या घरी गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांना घर लगेच आवडलं.

दार लेकीनं उघडलं. साठी ओलांडलेली, भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई, डोळे रडून सुजलेले. दोन दिवस घास गोड लागत नाही म्हणाली. वडील जाताना तिच्याकडून वचन घेऊन गेले होते. झाड फिरव, फिरलं की सगळं कळेल तुला, एवढंच म्हणाले. काय कळेल ते विचारायच्या आत श्वास संपला. वीस वर्षं तिनं दारं झिजवली होती त्या वचनापायी. आणि आता गुरुवारी झाड मुकं होणार.

“शनिवारी फिरलं तेव्हा काही कळलं का?”

लेक घुटमळली. मग हळूच म्हणाली, “खोटं वाटेल. मी सात वर्षांची असताना ते थांबलं. मला आठवतं ते झाड दम घ्यायचं. फिरायचं, फिरायचं, आणि मधेच गप्प. पानंसुद्धा. मग पुन्हा. शनिवारी ते नुसतंच फिरत राहिलं, पंख्यासारखं. पोरपणीची आठवण, चुकीची असेल.”

खिडकीपाशी आई बसली होती. वाळल्या शेंगेएवढी म्हातारी. तिनं मान डोलावली, लेकीनं दिलेला चहा घेतला. कपबशी अशी खडखडली की लिफ्टताईंना पुढं होऊन धरावीशी वाटली. हात थरथरतात हो तिचे, पाच वर्षं झाली, लेक म्हणाली.

कप खाली ठेवून म्हातारीनं सफरचंद उचललं आणि सुरी घेतली. लिफ्टताई बोलत होत्या लेकीशी, पण डोळे तिकडं गेले ते तिथंच राहिले. सुरी लागली तसा हात स्थिर झाला. साल सुटत गेली, एकसंध, कागदासारखी पातळ, गोल गोल, मांडीवर वेटोळं घालत. कुठं जाड नाही, कुठं तुटली नाही. आणि म्हातारी स्वतःशीच गुणगुणत होती:

फिर माझ्या चाका,
पोलादाच्या लेका,
चुकू नको ठोका,
दम घे रे.

तीन चरण लांब, चौथा आखूड. आखूड चरणाशी सुरी क्षणभर थांबायची, मग पुन्हा निघायची.

लिफ्टताई निघायला उठल्या. खुर्चीला टेकवलेली म्हातारीची काठी घसरून पडली, ती त्यांनी उचलली. हाताला पिसासारखी हलकी लागली. लाकडी नव्हती. पोकळ नळी होती, झाडाच्या फांदीसारखीच. खालचं पितळी टोपण त्यांच्या हातात निघून आलं.

टोपणाच्या पोटात तीन टिंबं होती.

५

म्हातारीनं ते पाहिलं. लेकीला म्हणाली, साखर संपलीय, तेवढी घेऊन ये. साखरेचा डबा भरलेला होता हे लेकीला ठाऊक होतं, पण आईचा आवाज ऐकून ती निमूट पिशवी घेऊन बाहेर पडली.

लिफ्टताईंनी खुर्ची जवळ ओढली.

“मावशी, पाना छोटा आणि नट घट्ट असला की नळी चढवायची पान्याच्या दांड्यावर. दांडा लांब होतो, जोर कमी लागतो. मीही करते तसं. शनिवारी तुम्ही काठीचं टोपण काढलंत, नळी पान्यावर चढवलीत. दांड्यावर घासल्याची गोल खूण आहे. आटे कुठल्या बाजूला सुटतात हे तुम्हाला कुणी सांगायची गरजच नव्हती. ते तुम्हीच कापले होते.”

म्हातारी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालचा कप्पा ओढला. आत लहानसा शेगडा होता, कारखान्यात वस्तू पकडायला असतो तसा, त्याच्या लोखंडी जबड्यात चकती घट्ट धरलेली. बाजूला कानस, आणि कागदावर पोलादाचा बारीक कीस, राखेसारखा.

मग ती बोलली. साठ-सत्तर वर्षांचं साचलेलं, तुटक तुटक.

युद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा लेथवर बायका उभ्या राहिल्या. ती अठराची होती. चार वर्षं तिनं विमानांचे भाग कातले. युद्ध संपलं, पुरुष परतले, एका सकाळी यादी लागली आणि बायकांना घरी पाठवलं. तिला चहा वाटायला ठेवलं, त्याच शेडमध्ये, तिच्याच लेथसमोरून किटली घेऊन फिरायला. तिथंच नकाशे काढणारा तो भेटला. त्याच्या डोक्यात झाड होतं. हाताला मात्र अंदाज नव्हता. साधी पेन्सिल तासायची तरी बोट कापून घ्यायचा. मुकादम भला माणूस. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तो पाठ फिरवून बसायचा आणि ती लेथ चालवायची. भंगारातलं घ्यायचं, पण परवानगी कुठं होती? कळलं असतं तर मुकादमाची नोकरी गेली असती. त्यानं फक्त एक मागितलं होतं, कुणापाशी बोलू नका. म्हणून खूण तेवढी टोचत गेली.

“आणि ही चकती?”

“त्यांच्या नकाशाबरहुकूम केली होती आधी. न थांबता फिरली, तर सातव्या फेरीला पान उडालं वरचं. पत्र्यांना झोका बसतो, तारांना ताण बसतो. त्यांना दम हवा मधे. मी कडेचा फुगवटा कानशीनं उतरवला, तिथं झाड थांबतं. नकाशा दुरुस्त करायचं राहून गेलं. घरात कोण नकाशा बघतो?” तिनं कागदावरचा कीस बोटानं एकत्र केला. “शनिवारी तार करकरली, मला ऐकू आलं. गुरुवारी एवढी माणसं खाली उभी राहणार.”

“मग सांगायचं ना मावशी.”

“कुणाला? तो पोरगा नकाशा पुढं करणार. नकाशासमोर म्हातारीचं कोण ऐकतं? आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. मेलेल्या नवऱ्याचं नाव मी कशाला खाली आणू?” तिनं चकतीवर अंगठा फिरवला. “मंगळवारपर्यंत गुपचूप परत लावेन म्हटलं होतं. पण हात आता पूर्वीचे राहिले नाहीत. दोन हात कानस मारली की दम लागतो. अजून निम्मी बाकी आहे.”

“बाबांचं नाव खाली कसं येईल, आई?”

दारात लेक उभी होती. साखर आणायला ती गेलीच नव्हती.

मग लेक पुढं आली, आईचा हात उलटा करून तळव्याकडं पाहत राहिली, जणू नकाशाच वाचतेय. बाबांनी हेच सांगायचं ठेवलं होतं, ती म्हणाली. झाड फिरलं की कळेल. त्यांना वाटलं, ते तुझ्या गाण्यासारखं थांबलेलं पाहून मी ओळखेन. वीस वर्षं मी बाबांसाठी धावले, आणि तू शेजारी बसून सफरचंद सोलत होतीस.

“मीच शपथ घातली होती त्यांना,” म्हातारी म्हणाली. “त्यांना तर झाडावर दोघांचं नाव घालायचं होतं.”

लिफ्टताईंनी पदर खोचला. मुकादमाला जाऊनही चाळीस वर्षं झाली असतील, त्या म्हणाल्या, आता त्याची नोकरी कोण घेणार? दिलेला शब्द पुरता पाळला गेला. मग त्यांनी कानस उचलली.

“कुठं घासायचं ते तुम्ही दाखवा. जोर मी लावते. पण आधी त्या हातमोज्यांना बोलावते. बिचारा दोन दिवस चोर ठरून बसलाय.”

६

हातमोजे आला. त्यानं सगळं ऐकलं, चकती पाहिली, उसवलेल्या तारेची पिशवी खिशातून काढून पुन्हा पाहिली. नकाशाचं नावही काढलं नाही. हातमोजे काढून खिशात कोंबले आणि बाही सारून शेगड्यापाशी उभा राहिला. बुधवारी दिवस कलेपर्यंत लेक, लिफ्टताई आणि तो अशी तिघं पाळीपाळीनं घासत होती, म्हातारी खुर्चीवरून अंगठ्यानं माप घेत होती. आणखी थोडं. आणखी किंचित. आता हात काढ. शेवटी तिनं स्वतः टिंबं टोचायचा पंच धरला, हातोडीचे तीन हलके ठोके दिले. हात जरासुद्धा हलला नाही.

गुरुवारी बाराला दालन भरलं. संचालकांना सकाळीच सगळं कळलं होतं. पान सुटणार नाही याची ग्वाही कोण देणार, एवढंच त्यांनी विचारलं. तेहतीस वर्षांत माझ्या सहीची एकही लिफ्ट पडली नाही, लिफ्टताई म्हणाल्या, कागद आणा. त्यांनी सही केली आणि थेट झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

पेटीपाशी हातमोजे गुडघे टेकून होता. नट हातात घेऊन त्यानं मागं वळून विचारलं, “आजी, कुठल्या बाजूला?”

“डावीकडं आवळ. आमच्याकडं सगळं उलटंच होतं बाबा.”

बटण दाबलं. झाड कुरकुरलं, हललं, फिरू लागलं. भिंतीवर सावल्यांचं रान उठलं. एक लांब फेरी, दुसरी, तिसरी. आणि मग बासष्ट पानं एकदम थांबली. दालनातल्या माणसांचाही श्वास तिथंच अडकला. संचालकांनी डोळे मिटून घेतले. पण झाडानं दम घेतला होता, एवढंच. ते पुन्हा निघालं, शांत, रेशमासारखं, एक तार करकरली नाही. सात फेऱ्या झाल्या. सतरा झाल्या.

लेकीचे ओठ हलत होते. तीन लांब, एक आखूड. चाका, लेका, ठोका, दम घे रे. लहानपणी झोपवताना आई जे म्हणायची ते गाणं भिंतभर फिरत होतं.

विश्वस्तांतल्या एका गृहस्थानं पाटी वाचली आणि विचारलं, हे एकट्यानं केलं त्यांनी? संचालकांनी घसा साफ केला. पाटी जुनी आहे, ते म्हणाले, दोन नावांची उद्या लागेल.

चहा आला. म्हातारीनं कप उचलला. तो खडखडला, चहा बशीत सांडला, आणि ती पहिल्यांदा हसली.

निघताना मात्र अडचण उभी राहिली. ती येताना लिफ्टनं आली होती, जाताना दोन जिने उतरणं तिला शक्य नव्हतं, आणि लिफ्टताईंचा हात तर ती सोडेना. लिफ्टताईंनी एकदा जिन्याकडं पाहिलं, एकदा लिफ्टकडं, आणि मुकाट आत शिरल्या. दार मिटलं. लिफ्ट खाली निघाली. म्हातारीनं मान कलती केली, कान दिला.

“वरचा एक नट सैल आहे हिचा,” ती म्हणाली.

“माहीत आहे मावशी,” लिफ्टताई म्हणाल्या. “उद्या या. काठी घेऊन या.”